चटका न बसणारा हात

माझ्या उजव्या हाताला चटका बसत नसे, आणि मला त्याचा गर्व होता. एवढं वाक्य आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

अंगावरचा एखादा फिकट डाग पदराखाली झाकून जी कुणी घरात बसली असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी तशी पाच महिने बसले. त्या पाच महिन्यांनी माझी करंगळी घेतली आणि दुसरंही बरंच काही न्यायला निघाले होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवली पूर्वेला चाळीत आमच्या दोन खोल्या. घरात आम्ही चौघं. हे आंबिवलीला कारखान्यात, सासूबाई, मी आणि आमची सहा वर्षांची वैशू. मी घरी पोळ्या करून विकायची. नोकरीवरून परतणाऱ्या बायका स्टेशनवरून थेट माझ्या दारात यायच्या, पिशवीत पोळ्या टाकायच्या आणि घरी जाऊन नुसती भाजी फोडणीला घालायच्या. रोजच्या शंभर-सव्वाशे पोळ्या होत. तव्यावरची पोळी मी हातानेच फिरवायची, फुगली की बोटांनीच उचलायची. उलथनं घेणारी बाई म्हणजे नवशिकी, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. माझी आई, कळव्याची, म्हणायची की चटक्याला भिणारीच्या पोळ्या चामट होतात. आणि सासूबाई दारात आलेल्या बायकांना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या सुनेचा हात बघा. तव्याला टेकला तरी हूं की चूं नाही."

मी मान खाली घालून हसायची. सासूकडून कौतुक ऐकायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नव्हे, त्यामुळे मी तो हात आणखी आणखी तव्याजवळ न्यायची. काय अक्कल!

एकदा बँकेतल्या एक बाई पोळ्या घ्यायला आल्या आणि पिशवी उघडता उघडता थांबल्या. "अगं, हाताला काय झालंय तुझ्या?" मी पाहिलं. करंगळीखाली तळव्याच्या कडेला एवढा मोठा फोड आलेला, तो फुटलेला, आणि त्यावर कणीक चिकटलेली. मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "कामाचा हात आहे ताई, चालायचंच." त्या पोळ्या न घेताच गेल्या. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. स्वतःच्या हाताचा नाही आला.

खरं तर हात दोन वर्षं काहीतरी सांगत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींना मुंग्या येत. मग मुंग्याही यायच्या थांबल्या, तेव्हा मला वाटलं, बरं झालं. कोपराजवळ एक फिकट डाग होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. जे दुखत नाही त्याला आजार कोण म्हणणार? आमच्याकडे तर दुखलं तरी म्हणत नाहीत.

* * *

मग एके सकाळी चाळीत पाहणीवाला आला. त्या काळी सरकारी माणसं दारोदार फिरून विचारायची. खांद्याला पिशवी, हातात वही. आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "घरात कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे का? न खाजणारा, न दुखणारा?"

सासूबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "आमच्या घरात असलं काही नाही. पुढे जा."

मी आत पोळी लाटत होते. लाटणं हातात तसंच राहिलं. तो पुढच्या दारी गेला, तिथेही तेच विचारलं, आणि त्याचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत मला ऐकू येत राहिला. न खाजणारा. न दुखणारा. तव्यावरची पोळी करपली तरी मी हलले नाही.

त्या दिवसापासून मी कोपराच्या खाली येणारे ब्लाउज शिवून घेतले. वैशूला डाव्या हाताने भरवायला लागले. का, ते मी स्वतःलाही बोलून दाखवलं नाही. आणखी पाच महिने असेच गेले. करंगळी हळूहळू आत वळायला लागली, लाटणं निसटायला लागलं, पोळ्या वाकड्या व्हायला लागल्या. शेवटी आतेबहिणीला बघायला जाते असं घरी खोटं सांगून मी कल्याणच्या दवाखान्यात गेले. डोंबिवलीत मला कुणीही ओळखलं असतं. गाडी ठाकुर्लीला थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं फार वाटलं. दाराशी जाऊन उभीसुद्धा राहिले होते.

* * *

डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं, हात टेबलावर ठेवायला लावला. म्हणाले, "डोळे मिटा. मी कापूस लावीन, टाचणी लावीन. जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

मी डोळे मिटले. दंडावर कापूस लागला, मी बोट ठेवलं. अंगठ्याजवळ टाचणी टोचली, बोट ठेवलं. मग डॉक्टर थांबले. बाहेर कुणीतरी नावं पुकारत होतं. बादलीचा आवाज आला. बराच वेळ गेला. मला वाटलं, काहीतरी लिहून घेत असतील. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, करा ना सुरू."

"डोळे उघडा."

ते टाचणी हातात धरूनच बसले होते. माझ्या करंगळीच्या बाजूला चार बारीक लाल ठिपके उमटले होते. एकातून रक्ताचा थेंब आलेला.

"झालं, बाई," ते म्हणाले.

माझ्याच हातात कुणीतरी टाचणी खुपसत होतं आणि मी त्यांना सुरू करा म्हणत होते. त्या क्षणासारखी भीती मला आयुष्यात परत वाटलेली नाही. एकदा सोडून, ते पुढे सांगते.

त्यांनी कुष्ठरोग म्हटलं. आमच्या घरात त्याला महारोगच म्हणायचे, आणि तोसुद्धा आवाज खाली करून. माझ्या डोळ्यांपुढे स्टेशनच्या पायऱ्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या हातात डबा धरून बसणारी माणसं आली. त्यांच्या रांगेत मी मला बघितलं. डॉक्टर बोलत होते, त्यातलं निम्मं माझ्यापर्यंत पोचलं नाही. जे पोचलं ते मात्र अजून पाठ आहे.

"बोटं या रोगाने झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस भाजतो, कापतो, आणि तसाच काम करत राहतो, म्हणून जातात. दुखणं हाताला होत नसतं, बाई. हात फक्त वर्दी देतो, दुखतं ते डोक्यात. तुमचा हात जागेवर आहे, डोकं जागेवर आहे, मधली नस आजारी आहे. वर्दीच जात नाही."

मी विचारलं, "मग आता?"

"आता डोळ्यांनी दुखवून घ्यायचं. रोज संध्याकाळी उजेडात हात धरून बघायचा. लाल झालाय का, कापलाय का, फोड आहे का. हाताला विचारू नका, तो खोटं बोलेल."

"आणि माझ्या पोळ्या? लोकांनी खाल्ल्यात त्या."

"पोळीतून हा रोग जात नाही. औषध सुरू झालं की तुमच्यापासूनही कुणाला भीती नाही. पण हात तव्याला लावाल तर हात जाईल. आणि घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवायला आणा. मूल आहे का?"

मी नाही म्हटलं. वैशू मला नाही असं मी तोंडाने बोलले. का बोलले ते तुमच्यापैकी जिला कळायचं तिला कळेल.

* * *

पहिली गोळी त्यांनी समोरच घ्यायला लावली. लघवी लाल होईल हे सांगितलेलं, तरी चाळीच्या संडासात ते बघून मी दोन-दोन बादल्या पाणी ओतलं. रोजच्या गोळ्या मोहरीच्या डब्यात लपवल्या.

ह्यांना मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते जेवले, हात धुतले, आणि अंथरूण उचलून दाराजवळ टाकलं. "फार उकडतंय आत," म्हणाले. जानेवारी महिना होता.

पुढचे काही आठवडे माझं एकच काम चाललेलं. केरसुणीची काडी घ्यायची आणि अंगभर टोचत बसायचं. पाय, पोट, गाल, कान. कधी डावा हातही बधिर वाटायचा. धावत आरशासमोर जायचं, परत टोचायचं, तर व्यवस्थित दुखायचं. पाच मिनिटांनी पुन्हा शंका. एका दुपारी तर मला सगळं अंगच माझं वाटेना. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की घाबरलेलं डोकं असंच करतं, नसलेलं दाखवतं आणि असलेलं झाकतं. भीतीने माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर नखशिखान्त बधिर व्हायला निघाले होते.

पोळ्या बंद केल्या. हात मुरगळलाय, असं सगळ्यांना सांगितलं. सासूबाई रोज संध्याकाळी हळद-तेल गरम करून माझा हात चोळायच्या, आणि मी तो त्यांच्या मांडीवर ठेवून बसायची. तेल किती गरम आहे हे मला कळत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी अंदाजाने "हाय" म्हणायची. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

दवाखान्यात फ्लोरीबाई नावाच्या एक होत्या, वसईकडच्या ख्रिस्ती. कागदपत्रं, गोळ्या, मलमपट्टी, सगळं त्याच बघत. दुसऱ्या महिन्यात माझं कोपर आतून ठणकायला लागलं. एवढं ठणकलं की घास तोंडापर्यंत नेता येईना. मला आधी आनंदच झाला. दुखतंय म्हणजे हात परत येतोय! आठ दिवस तसंच अंगावर काढलं आणि मग गेले. फ्लोरीबाईंनी कोपर चाचपलं आणि सगळ्यांसमोर माझ्यावर कडाडल्या.

"आधी दुखत नव्हतं म्हणून आला नाहीत, आता दुखतंय म्हणून आला नाहीत! मग यायचं तरी कधी, सुनंदाबाई? नस सुजलीय ती. पहिल्या दिवशी आला असता तर बोट सरळ राहिलं असतं!"

मी रडायला लागले. पण खरं सांगू? बरंही वाटलं. आजार कळल्यापासून माझ्याशी कुणी ओरडून बोललं नव्हतं. हे घरात इतक्या हळू बोलायचे की जणू मी आत्ताच गेलेली आहे. फ्लोरीबाई मात्र जिवंत बाईवर ओरडतात तशा ओरडल्या, आणि ओरडत ओरडतच हात धरून मला आत घेऊन गेल्या.

त्याच आठवड्यात हे कामावरून उशिरा आले आणि पायातली चप्पल न काढताच म्हणाले, "मी गेलेलो कल्याणला. भेटलो तुझ्या डॉक्टरांना. तासभर डोकं खाल्लं त्यांचं." मग आत जाऊन अंथरूण परत जागेवर आणलं. माफीबिफी काही मागितली नाही. मीही मागितली नाही म्हणून सांगते, नाही तर वाचणारीला वाटायचं आमचा संसार फार गोड होता.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. मी बरी झाले. गोळ्या ठरलेल्या मुदतीत संपल्या, डाग गेला. करंगळी वाकडी राहिली आणि ती बाजू अजून बधिर आहे. पोळ्या परत सुरू केल्या, चिमट्याने उलटते, हातात जाड कापड. चामट होत नाहीत. ज्या कुणी हे वाचून डाग दाखवायला जातील, त्यांना वाटेत एवढंच आठवावं.

* * *

पण ज्या दिवसासाठी हे सगळं लिहिलं, तो अजून राहिला आहे.

गोळ्या अजून चालू होत्या, तेव्हा एकदा वैशूला न्हाऊ घालत होते. तिच्या डाव्या दंडाच्या मागे मला एक फिकट डाग दिसला. आठ आण्याच्या नाण्याएवढा.

तांब्या माझ्या हातून पडला. मी टॉवेलने पुसून बघितलं, उजेडात नेऊन बघितलं. मग म्हटलं, "वैशू, एक गंमत करू. डोळे मीट आणि मी कुठे हात लावते सांग." मी केरसुणीची काडी टेकवली. ती खिदळत म्हणाली, "इथे!" बरोबर सांगितलं. पण तिची एक पापणी किलकिली होती. पुन्हा केलं, तेव्हा चुकली. पुन्हा, तेव्हा बरोबर. तिला वाटलं खेळ आहे, मुद्दाम चुकवून ती हसत होती.

आता लपवणं शक्य नव्हतं. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. हात मुरगळलेला नाही. मला महारोग झालाय, औषध चालू आहे, आणि वैशूला दाखवायला न्यायचंय.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, वैशूचा हात धरला, तिला आतल्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.

तीन दिवस माझी मुलगी त्यांच्याजवळ जेवली, त्यांच्याजवळ झोपली. मी दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "तिला नेणार नाही मी. नाव लागेल पोरीला. उद्या कोण पदरात घेईल तिला?" मी बाहेरून म्हणायची, "आई, माझा डाग मी झाकला आणि बघा माझं बोट. तिची दहाही बोटं मला हवीत." तिसऱ्या दिवशी ह्यांनी दाराशी उभं राहून आवाज चढवला, आईसमोर पहिल्यांदाच. मग कडी निघाली. सासूबाई नेसून तयार होत्या. "मीही येणार," म्हणाल्या, "आणि आधी माझा हात बघायला सांग त्यांना. पोरीच्या आधी."

कल्याणला उतरून आम्ही टांगा केला. वैशू खूश होती, तिला सहल वाटत होती. मी तिच्या कानात सांगत होते, "तिथे शहाण्यासारखं बसायचं हं. डॉक्टर काही करतील. रडायचं नाही, ओरडायचं नाही. आईची शहाणी मुलगी ना?" रांगेत कुणी ओळखीचं निघालं तर, पोर रडली आणि लोकांनी वळून पाहिलं तर, हीच धास्ती मला. दुसरीकडून सासूबाईही तेच सांगत होत्या, "आपण कधी रडतो का? नाही ना?"

सासूबाईंना तपासलं. काही नव्हतं. त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. ह्यांनाही काही नव्हतं. मग वैशूला स्टुलावर बसवलं, फ्रॉकची बाही वर केली. तिने डोळे गच्च मिटले. डॉक्टरांनी पुढे हातावर कापूस लावला, तिने बरोबर बोट ठेवलं. दंडामागे तिचा हात पुरेना, म्हणून ते म्हणाले, "आता मी टोचतो. लागलं की सांग हं बाळ."

त्यांनी त्या डागावर टाचणी टेकवली.

वैशू काही बोलली नाही.

त्यांनी जरा दाबून टेकवली. मला ती त्वचा आत गेलेली दिसली. वैशू तशीच बसून. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यांनी बघितलं नाही यावरूनच मला समजलं. ह्यांनी भिंतीचा आधार घेतला. माझ्या डोळ्यांपुढे तिची बोटं आली, एकेक, करंगळीपासून. मी हिला भरवलं, हिला कुशीत घेऊन झोपले. मीच दिलं हिला.

"थांबा, डॉक्टर," फ्लोरीबाई म्हणाल्या. त्या वैशूच्या समोर वाकून बसल्या होत्या. "हिच्या मुठी बघा."

मी बघितलं. वैशूच्या दोन्ही मुठी मांडीवर इतक्या आवळलेल्या की बोटं पांढरी पडली होती. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी गालावर येत होतं. ओठ दाताखाली दाबलेला.

"बाळा, दुखतंय का गं?" फ्लोरीबाईंनी विचारलं.

तिने मान हलवली. हो.

"मग बोलली का नाहीस?"

"आईने सांगितलंय," वैशू म्हणाली, डोळे न उघडता, "रडायचं नाही."

डॉक्टरांनी टाचणी ठेवून दिली आणि कापूस घेतला, तोही तिला कळला, पिसाएवढाही कळला. "जंताचा म्हणतात तसला साधा डाग आहे, पोरांना होतात असे," ते म्हणाले. ते आणखी काही सांगत होते. मी जमिनीवरच बसले होते, वैशूला मांडीवर ओढून घेतलं होतं. "रड," मी म्हटलं. "वैशू, रड. मोठ्याने रड." तिने आधी डोळे उघडून नीट माझ्याकडे बघितलं, मी खरंच सांगते आहे का ते. मग जे भोकाड पसरलंय!

तो आवाज ऐकून सासूबाई बाहेरून धावत आल्या, पदर सावरत, पांढऱ्याफटक चेहऱ्याने. दारात थबकल्या. "काय झालं? काय म्हणाले?"

"दुखलं तिला," मी ओरडले. "आई, दुखलं! तिला दुखलं!"

बाहेरची सगळी रांग वळून आमच्याकडे बघत होती. सासूबाईंनी दाराची चौकट धरली, खाली बसल्या, आणि त्यासुद्धा मोठ्याने रडायला लागल्या.